सदतीस नंबरचा ‘ळ’

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नानांचा फोन आला. नाना म्हणजे इंदूरच्या आमच्या भागातल्या मराठी मंडळाचे सचिव. मंडळाला पुढल्या वर्षी पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होतायत, त्यानिमित्त नवं बोधचिन्ह करायचं ठरलंय, त्यासाठी खुली स्पर्धा जाहीर केली होती, प्रवेशिका आल्यात आणि परीक्षक म्हणून तू हवीस, असं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. “अगं, चौसष्ट आल्यात, चौसष्ट! आम्हाला वाटलं होतं दहा-बारा येतील.” त्यांचा आनंद फोनमधूनही कळत होता. माझ्या लग्नात पंगतीत वाढायला उभे राहिलेले हे नाना. त्यांना नाही म्हणणं मला जमत नाही. मी हो म्हटलं.

संध्याकाळी त्यांचा नातू स्कूटरवर एक मोठी कापडी पिशवी देऊन गेला. आत प्रिंटआउटचा गठ्ठा, एक पेन ड्राइव्ह आणि नियमांचा कागद. प्रत्येक प्रवेशिकेवर नाव झाकून नंबर टाकलेला. जेवणाच्या टेबलावर मावेनात म्हणून मी अर्ध्या दिवाणावर मांडल्या, उरलेल्या जमिनीवर. मग नियमांचा कागद वाचला. बक्षीस ५,१०० रुपये आणि मानपत्र. सातवा नियम असा होता : ‘आलेल्या सर्व प्रवेशिकांचे सर्वाधिकार मंडळाकडे राहतील.’

पंचवीसेक वर्षं मी या शहरात हेच काम करतेय. लग्नपत्रिकांपासून शेवेच्या पाकिटांपर्यंत सगळं केलंय. त्यामुळे तो नियम वाचून माझा हात आपोआप मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरकडे गेला. ५,१०० भागिले ६४. एका प्रवेशिकेमागे ऐंशी रुपयेही भरत नव्हते.

प्रवेशिका पाहायला लागले तशी एक गोष्ट लक्षात आली. बारा जणांनी ‘मंडळ’ऐवजी ‘मंडल’ लिहिलं होतं. आधी राग आला. मराठी मंडळाचं चिन्ह करायचं आणि ‘ळ’ नाही? मग पेन ड्राइव्हमध्ये स्पर्धेची मूळ जाहिरात सापडली, व्हॉट्सॲपवर फिरवलेली. ती हिंदीत होती आणि तिच्यात मंडळाचं नावच ‘मंडल’ असं छापलेलं होतं. इंदूरमध्ये हे होतंच. इथल्या डिझायनर मुलांपैकी बहुतेक हिंदी भाषक, त्यांच्या वर्णमालेत ‘ळ’ नाही. त्यांनी जे दिलं गेलं तेच प्रामाणिकपणे काढलं. एकाला जरी विचारायची सोय असती, तरी त्यानं विचारलं असतं.

चौसष्टांपैकी जवळजवळ चाळीस चिन्हांत एक तर गणपती होता, नाही तर राजवाडा. त्यातही मुलांची चूक नाही. इंदुरातलं मराठी मंडळ म्हटलं की आणखी काय सुचणार? मंडळ काय करतं, कशातून उभं राहिलं, कोण येतं तिथे, याबद्दल जाहिरातीत एक ओळही नव्हती. फक्त ‘आकर्षक व अर्थपूर्ण असावे’ एवढंच.

आणि मग हाताला सदतीस नंबर लागला.

तो संगणकावर केलेला नव्हता. साध्या ड्रॉइंग पेपरवर काळ्या शाईनं मंडळाचं नाव गोलात लिहिलं होतं, मध्ये राजवाड्याचे सात मजले. राजवाडा नेहमीचाच. पण अक्षरं बघून मी चष्मा काढला आणि कागद डोळ्यांजवळ नेला. पेन्सिलीची जाळी पूर्ण खोडलेली नव्हती. ‘श’ आणि ‘ल’ मराठी वळणाचे होते, संगणकावरच्या कितीतरी फॉन्टमध्ये असतात तसे हिंदी वळणाचे नाहीत. ‘ळ’चे दोन्ही गोळे आधी सारखे काढून पाहिले होते, मग डावा किंचित मोठा केला होता, कारण गोलात अक्षर कलतं तेव्हा सारखे काढलेले गोळे सारखे दिसत नाहीत. जिथे ते दोन गोळे एकमेकांना भेटतात तिथे त्यानं केसाएवढी फट सोडली होती. मी कागद उलटा केला. मागे तेच चिन्ह अगदी लहान करून, रबरी शिक्क्याच्या आकारात, चार वेळा काढून बघितलं होतं. पहिल्या तिघांत ‘ळ’मध्ये शाई भरून काळा ठिपका झाला होता. चौथ्यात फट होती आणि अक्षर मोकळं दिसत होतं.

हे काम करणाऱ्याला माहीत होतं की मंडळाच्या पावतीपुस्तकावर शिक्का मारला जाणार आहे. हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. दहा तास तरी गेले असतील त्याचे. माझा अंदाज सहसा चुकत नाही, कारण तेवढेच तास मी स्वतः तशा कामात घातलेले आहेत.

मी मुळात इथल्याच कला महाविद्यालयातली. चित्रकार देवळालीकरांनी १९२७ मध्ये सुरू केलेली ही शाळा. चित्रकार बेंद्रे तिथले, हुसेन तिथले. आम्ही शिकलो तोवर ते दिवस फार मागे गेले होते, पण एक रीत शिल्लक होती. शिकवणारा तुमच्या शेजारी बसायचा, तुमच्याच कागदाच्या कडेला पेन्सिलीनं दुरुस्ती करायचा आणि का ते सांगायचा. पुढे ऑफसेट प्रेसमध्ये नोकरीला लागले तेव्हा तिथले मास्तरही तसेच. ब्लॉकच्या काळापासूनचे. बटर पेपरवर माझं डिझाइन ठेवून ते म्हणायचे, “इथे रेघ जाड हवी, छापताना मरते.” एवढं वाक्य तीस वेळा ऐकलं की माणूस डिझायनर होतो.

२०११ मध्ये मी नोकरी सोडली. मुलगी लहान होती, बाहेर जाणं जमेना. त्या वेळी एका मैत्रिणीनं परदेशी साइटवरच्या लोगो स्पर्धांबद्दल सांगितलं. रीत सोपी होती. कुणी अमेरिकेतला दुकानदार किंवा दंतवैद्य आपल्याला काय हवं ते चार ओळींत लिहायचा, बक्षीस ठेवायचा, आणि जगभरातले डिझायनर पूर्ण तयार चिन्हं पाठवायचे. तो पाचपैकी तारे द्यायचा. शेवटी एकाची निवड, एकालाच पैसे. बाकीच्यांचं काम तिथेच राहायचं.

रात्री साडेदहाला मुलीला झोपवून मी बसायची, पहाटे दोनपर्यंत. पहिल्या वर्षी शहाण्णव प्रवेशिका पाठवल्या आणि एक बक्षीस मिळालं, १८० डॉलरचं. ते पैसे बँकेत आले तेव्हा मी रडले होते. प्रेसमध्ये महिन्याला मिळायचे त्याहून ते जास्त होते. ही गोष्ट मी लपवणार नाही, कारण अशा स्पर्धा असाव्यात की नसाव्यात या वादात नेहमी तीच लपवली जाते. मुंबई-पुण्याची एजन्सी इंदूरच्या, घरी मूल असलेल्या बाईला दारात उभी करत नव्हती. त्या साइटनं माझी पदवी विचारली नाही, माझं इंग्रजी तपासलं नाही. चिन्ह चांगलं तर बक्षीस. त्या एका बक्षिसावर मी पुढली दोन वर्षं उमेद धरली.

तीन वर्षांत दोनशे बारा प्रवेशिका आणि नऊ बक्षिसं झाली. सगळ्या फाइली अजून एका फोल्डरमध्ये आहेत. पैशांचा हिशोब मी पुन्हा पुन्हा केलाय आणि तो काही फार वाईट येत नाही. मला खुपतं ते वेगळंच. ज्या नऊ वेळा मी जिंकले त्यांतही मी का जिंकले ते मला कळलं नाही. हरले त्या दोनशे तीन वेळा तर नाहीच. एकदा तीन तारे, कारण नाही. एकदा चार तारे, कारण नाही. एकदा एका बेकरीवाल्यानं सगळ्यांना मिळून लिहिलं की अमुक नंबरचा आकार आणि तमुक नंबरचा रंग एकत्र करून कुणी दाखवेल का. अमुक नंबर माझा होता. तिसऱ्याच कुणीतरी ते करून दाखवलं आणि बक्षीस घेतलं. तक्रार करायची तर कुणाकडे? त्या तिसऱ्याचाही मला राग येईना. तोही कुठेतरी मूल झोपवूनच बसला असणार.

हळूहळू माझा हातच बदलला. आधी मी ब्रीफ, म्हणजे गिऱ्हाइकानं लिहिलेली मागणी, वाचून विचार करायची. नंतर मी इतरांना मिळालेले तारे बघून काम करायला लागले. कुणाच्या पानाला पाच तारे मिळाले की मीही पान काढायची. मनाजोगतं काढण्यात वेळ दवडण्यापेक्षा तेवढ्या वेळात तीन स्पर्धांना पाठवणं शहाणपणाचं होतं, आणि मी शहाणी झाले होते. हे मला कळलं ते सराफ्यातल्या एका फरसाणवाल्यामुळे. २०१४ मध्ये त्यांनी ओळखीतून पाकिटाचं काम दिलं. मी दोन दिवसांत पाच नमुने घेऊन गेले. म्हाताऱ्या गृहस्थांनी ते पाहिले, बाजूला ठेवले आणि म्हणाले, “छान आहेत बाई. पण तुम्ही दुकान बघायला आलाच नाहीत.” तीन वर्षांत मी एकाही माणसाला एकही प्रश्न विचारला नव्हता. प्रश्न विचारायचे असतात हेच मी विसरले होते. त्या रात्रीपासून मी स्पर्धांना पाठवणं बंद केलं.

नंतर या विषयावर बरंच वाचत गेले. ‘क्राउडसोर्सिंग’ हा शब्दच मुळी २००६ चा. जेफ हाउ नावाच्या पत्रकारानं ‘वायर्ड’ मासिकातल्या लेखात तो रूढ केला. लोगो स्पर्धांची सगळ्यात गाजलेली साइट, ‘नाइन्टी नाइन डिझाइन्स’, २००८ मध्ये मेलबर्नमध्ये उभी राहिली. तिचं मूळ मला नेहमी विचारात पाडतं. डिझायनर मंडळी आपसात गंमत म्हणून, सरावासाठी एकमेकांशी चिन्हांच्या स्पर्धा खेळायची. मग बाहेरच्या गिऱ्हाइकांच्या लक्षात आलं की इथे खरं काम करून घेता येईल, आणि खेळाचा धंदा झाला. २०२० मध्ये ती साइट व्हिस्टाप्रिंट या छपाईच्या कंपनीनं विकत घेतली. दुसरीकडे, २००६ पासूनच ‘नो स्पेक’ नावाची मोहीम चालू होती. पैसे मिळतील की नाही हे ठाऊक नसताना पूर्ण काम करून देऊ नका, एवढंच तिचं म्हणणं. अमेरिकेतल्या डिझायनरांची जुनी संस्था एआयजीए हीदेखील अशा कामाबद्दल सावध करत आलीये. २०११ मध्ये ओबामांच्या प्रचारयंत्रणेनं रोजगाराच्या प्रस्तावित कायद्याला पाठिंबा म्हणून पोस्टरची स्पर्धा ठेवली तेव्हा डिझायनरांनी तेच विचारलं : रोजगारासाठीचं पोस्टर, आणि ते फुकट? कॅनडानं आपल्या दीडशेव्या वर्षासाठी विद्यार्थ्यांत स्पर्धा घेतली, बक्षीस ५,००० डॉलर. तिथले डिझायनर ‘माझ्या वेळेला किंमत आहे’ असं म्हणत विरोधात उभे राहिले. विद्यार्थ्यांचं कामच वापरायचं तर विद्यार्थ्यांना पैसे द्यायला काय हरकत होती, हे मला अजून कळलेलं नाही.

आपल्याकडेही हे झालंय, आणि तिथे मला पटकन एका बाजूला उभं राहता येत नाही.

रुपयाचं चिन्ह घ्या. अर्थ मंत्रालयानं २००९ मध्ये देशभर स्पर्धा घेतली. तीन हजारांहून अधिक चिन्हं आली. १५ जुलै २०१० ला मंत्रिमंडळानं त्यातलं एक मंजूर केलं. ते डी. उदय कुमार यांचं, तेव्हा ते आयआयटी मुंबईच्या डिझाइन केंद्रात पीएचडी करत होते. देवनागरी ‘र’, त्यातच रोमन ‘आर’ आणि वर शिरोरेषा. अक्षर ओळखणाऱ्या माणसानंच काढलेलं चिन्ह आहे ते. मी दिवसातून पन्नास वेळा ते टाइप करते आणि अजून मला ते आवडतं. बक्षीस होतं अडीच लाखांचं. नानांचा कागद हातात असताना मी तोही भागाकार करून पाहिला. अडीच लाख भागिले तीन हजार म्हणजे एका चिन्हामागे त्र्याऐंशी रुपये, आणि प्रवेशिका तीन हजारांहून जास्तच होत्या. म्हणजे देशाच्या स्पर्धेचा आणि आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या स्पर्धेचा भाव जवळजवळ एकच निघाला. टोकियोच्या ऑलिम्पिकचं आधी ठरलेलं चिन्ह उचलेगिरीच्या आरोपांत मागे घ्यावं लागलं आणि मग खुल्या स्पर्धेत १४,५९९ चिन्हं आली. तिथलं बक्षीस दहा लाख येन. तो भागाकार तुम्हीच करून पाहा.

स्वच्छ भारतचा चष्माही स्पर्धेतूनच आला. कोल्हापूरच्या अनंत खासबारदारांचं ते काम, २०१४ चं, बक्षीस पन्नास हजार. इंदूरमध्ये तर रोज सकाळी कचऱ्याची गाडी आली की तो गांधीजींचा चष्मा दारात उभा राहतो. आमच्या शहराची स्वच्छतेसाठी देशभर जी ओळख झाली तिच्यावर तो छापलेला आहे. दोन गोल आणि एक पट्टी. लहान मूलही काठीनं मातीत काढू शकेल इतकं साधं. ते साधेपण साधायला किती वर्षांचा हात लागतो हे मी जाणते. म्हणून स्पर्धेतून चांगलं काम निघतच नाही असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. निघतं. तीन हजार जणांना राबवलं तर एक चांगलं निघतंच. प्रश्न त्या उरलेल्यांचा आहे. त्यांच्यातही सदतीस नंबर असतोच की.

माझं नानांशी बोलणं झालं ते चौथ्या दिवशी. त्यांच्या ओसरीवर पोहे खात. मी सांगितलं की मला निकाल देता येणार नाही.

“म्हणजे? एकही चांगलं नाही?”

“चांगली आहेत नाना. पण आपण कुणालाच काही सांगितलेलं नाही. त्यांनी अंदाजानं काढलंय.”

“अगं, मुलं हौसेनं करतात. स्पर्धा म्हणजे हौसच. आपल्याकडे झांक्यांची स्पर्धा होत नाही का दर वर्षी?”

हा मुद्दा मला अनपेक्षित होता आणि खरंच विचार करायला लावणारा होता. अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदूरच्या कापड गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे गाड्यांवर सजवलेले देखावे, निघतात. गिरण्या बंद पडल्या, हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद झाली, तरी कामगारांनी वर्गण्या काढून झांक्या चालू ठेवल्या. त्यांच्यातही चुरस असते, नंबर काढले जातात, बक्षिसं मिळतात. लहानपणी आम्ही रात्रभर जागून त्या बघितल्या आहेत, बाबांच्या खांद्यावर बसून. मग ती स्पर्धा मला का खुपत नाही?

मी दुसरा घास घेईपर्यंत उत्तर सापडलं. “नाना, ज्या झांकीला नंबर मिळत नाही तीही रस्त्यावरून जातेच ना? तिलाही लाखभर लोक बघतात. आणि लाकूडकाम करणारा, मूर्ती करणारा, वीजवाला, यांचे पैसे निकालाच्या आधीच ठरलेले असतात. बक्षीस मिळालं नाही म्हणून सुताराची मजुरी कुणी बुडवत नाही. आपल्याकडे त्रेसष्ट जणांची झांकी गल्लीतूनच परत जाणार आहे. कुणी बघणारही नाही.”

नाना गप्प बसले. मग त्यांनी विचारलं, “आणि ते सर्वाधिकाराचं काय म्हणत होतीस?”

मी त्यांना कायद्याचं सांगितलं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या एकोणिसाव्या कलमाप्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी द्यावे लागतात आणि त्यावर देणाऱ्याची किंवा त्यानं नेमलेल्या माणसाची सही लागते. किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल तर पाच वर्षंच धरली जातात. सत्तावन्नाव्या कलमाप्रमाणे तर हक्क विकल्यावरही हे काम माझं आहे असं म्हणायचा अधिकार चित्रकाराकडेच राहतो. व्हॉट्सॲपवर फिरवलेल्या एका ओळीनं चौसष्ट जणांचं सगळं काही मंडळाच्या कपाटात जात नाही, जाऊही नये. “आपल्याला तरी काय करायचीयत त्रेसष्ट चिन्हं?” मी विचारलं. ते ताबडतोब म्हणाले की तो नियम कुठल्या तरी दुसऱ्या स्पर्धेच्या कागदावरून उतरवून घेतला होता. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला आधीपासूनच माहीत होतं. बहुतेक ठिकाणी असंच होत असणार. कुणीच त्या ओळीचा अर्थ वाचत नाही.

मी जे मागितलं ते सगळं मिळालं नाही. माझं म्हणणं होतं की चौसष्टांनाही काही ना काही मानधन द्यावं, निदान शंभर रुपये आणि गणेशोत्सवाच्या जेवणाचं आमंत्रण. कार्यकारिणीत त्यावर दोन तास वाद झाला. खजिनदार म्हणाले, मग उद्या कुणीही कागदावर रेघ मारून शंभर रुपये मागेल. मला ते म्हणणं पटलं नाही आणि आजही पटलेलं नाही. ज्यानं अर्ध्या तासाचं काम केलं आणि ज्यानं दहा तासांचं, त्यांतला फरक कुणालाही दिसतो, दिसत नसेल तर परीक्षक नेमला कशाला? पण ठराव झाला तो असा : सातवा नियम रद्द. माझ्या निवडीतून पाच जणांना प्रत्येकी दोन हजार रुपये आधी द्यायचे, मंडळात बोलावून माहिती द्यायची, आणि मग त्यांनी नव्याने काम करायचं. ज्याचं चिन्ह घेऊ त्याला जाहीर केलेले ५,१०० वेगळे. बाकी सगळ्यांच्या प्रवेशिका परत.

परत नुसत्या करायच्या नाहीत, हे मी माझ्यापुरतं ठरवलं. प्रत्येक कागदाबरोबर एक चिठ्ठी. तीन आठवडे रोज रात्री मी तीन-चार लिहीत होते. ‘तुमच्या चिन्हातला दिवा सुंदर आहे, पण फ्लेक्सवर पिवळ्यावर पांढरं दिसणार नाही.’ ‘तुम्ही सहा फॉन्ट वापरलेत, दोन ठेवून बघा.’ ‘“मंडल” लिहिलंत यात तुमचा दोष नाही, जाहिरातच चुकली होती, मराठीत हे अक्षर असं काढतात,’ आणि खाली ‘ळ’ काढून दाखवला, बाण काढून, हात कुठून सुरू होतो ते. अशा बारा चिठ्ठ्यांवर मी बारा वेळा ‘ळ’ काढला आणि दर वेळी मला सदतीस नंबरमधली ती फट आठवली. कलम धरायची सवय मोडली होती. सातव्या-आठव्या चिठ्ठीपासून हात सुटला.

चिठ्ठ्या गेल्यावर फोन यायला लागले. खंडव्याच्या एका मुलीचा आला. ती म्हणाली, “ताई, मी दोन वर्षांत पन्नासेक स्पर्धांना पाठवलंय. हे नाही घेतलं म्हणून कुणी कळवलंसुद्धा नाही, तुम्ही तर रेघ कुठे जाड हवी ते लिहून राहिलात.” तिच्याशी मी पाऊण तास बोलले. ती पाचांत नव्हती. तिला देण्यासारखं माझ्याकडे तेवढंच होतं, आणि ते पुरेसं नाही हे मला ठाऊक आहे. तिनं त्या चिन्हावर घालवलेले तास तिला कुणी भरून दिलेले नाहीत.

रविवारी पाच जण मंडळात आले. सदतीस नंबर देवासहून आला होता, बसनं. तेवीस-चोवीस वर्षांचा, बोलायला लाजरा. वडील गाड्यांवर नंबर आणि नावं रंगवायचे. ब्रश धरायला त्यांच्याकडे शिकला. घरात मराठी आजीकडून आलेली. मी त्याला ती फट कशी सुचली ते विचारलं. तो म्हणाला, “बाबांचं ‘काळे’ नेहमी भरून जायचं. ट्रकवर पाऊस लागला की रंग उतरतो ना.”

नानांनी मंडळाची माहिती द्यायला सुरुवात केली ती नेहमीच्या पद्धतीनं. स्थापना, पहिले अध्यक्ष, इमारत निधी. मुलं मोबाइलवर टिपून घेत होती. मी मध्येच विचारलं, “नाना, पहिल्या वर्षी नेमकं काय झालं होतं?” ते थोडे थांबले. मग म्हणाले की पहिल्या गणपतीत नाटक ठेवलं होतं, त्यांचे वडील त्यात होते. मांडवात वीज नव्हती. गिरणी कामगारांच्या चाळीतून दोन पेट्रोमॅक्स बत्त्या उसन्या आणल्या. दुसऱ्या अंकात एक विझली आणि उरलेलं नाटक एका बत्तीवर झालं. ज्याचा संवाद असेल त्याच्या अंगावर उजेड पडावा म्हणून एक माणूस ती बत्ती हातात धरून रंगमंचाच्या कडेनं फिरत होता. प्रेक्षकांतून एकही जण उठला नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून ठरवलं की आता आपलं मंडळ काढायचं.

मी चाळीस वर्षं या मंडळात जातेय. मी हे कधीच ऐकलं नव्हतं. जाहिरातीत ते नव्हतं, कारण जाहिरात लिहिताना नानांना कुणी विचारलंच नव्हतं.

मुलांचे मोबाइल खाली ठेवले गेले होते. देवासच्या मुलानं पिशवीतून पेन्सिल काढली होती, पण तो काढत काहीच नव्हता. जरा वेळानं त्यानं विचारलं, “नाना, ती बत्ती कशी होती? काच गोल होती की उभी? आणि धरायची कडी वरून होती की बाजूला?”

नानांनी डोळे मिटले. हातानं हवेत काहीतरी धरून पाहिलं, मूठ आवळली, परत उघडली. मग उठले आणि नातवाला हाक मारली, “अरे, शिडी आण रे जरा. माळ्यावर बघायला हवं.”